परवाना आणि गावठी कट्टा



शाळेच्या व्यासपीठावर बंदुकीचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु भिलाईला हा विषय परका नाही. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांची येथील हुडको वसाहतीत, ते झोपेत असताना, खिडकीतून गोळी झाडून हत्या झाली. एकेकाळी ते आपल्याच पोलाद कारखान्यात कामाला होते. त्यांच्यावर चालला तो गावठी कट्टा.

१८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला निःशस्त्र केले, हा सल आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात होता आणि तो रास्तच होता. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये स्वतःचा कायदा केला. २०१९ च्या दुरुस्तीने माणशी तीनऐवजी दोनच बंदुकांची मर्यादा घातली. वरातीत हौसेने बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणेही आता गुन्हा आहे. चांगलेच झाले.

पण कट्ट्याला परवाना लागतो कोठे? आपला सारा वाद परवानाधारकांभोवती फिरतो. त्याच दुरुस्तीत बेकायदा शस्त्र बनविणाऱ्यास व विकणाऱ्यास किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. मला ते कलम अधिक मोलाचे वाटते. नियोगी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये गोळी झाडणाऱ्याची सुटका रद्द करून त्याला जन्मठेप दिली. तोवर चौदा वर्षे होत आली होती.

पालकहो, कट्टा मिरवणाऱ्याचे चित्र मोबाइलवर पाहून मुलगा हरखला, तर त्याला एकदा हुडकोत घेऊन जा.