काम सुटू नये, काम बदलावे

(व्याख्यानाचा मजकूर)



चंद्रपूरचा मे महिना व्यापाऱ्याची दुहेरी परीक्षा पाहतो. दुकानात लग्नसराईची गर्दी असते आणि बाहेर पारा पंचेचाळीस-शेहेचाळीस अंशांवर गेलेला असतो. समजा, अशा एका दुपारी कापड दुकानातील तीस-बत्तीस वर्षांचा विक्रेता थान उलगडता उलगडता थांबतो आणि भिंतीचा आधार घेतो. पाय जड झालेले असतात, डोळ्यांसमोर धूसर दिसत असते. रात्री गारवा आल्यावर तोच माणूस बराचसा पूर्ववत चालू लागतो. त्यामुळे गादीवर बसलेल्या शेठजींच्या मनात पहिली शंका येते ती कामचुकारपणाची. घरचे म्हणतात, ऊन लागले. हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार असू शकेल, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते.

या आजाराचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचे स्वतंत्र वर्णन केले. विजेच्या तारेवर जसे वेष्टन असते, तसे मज्जातंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणाच या आवरणावर हल्ला करते आणि मेंदूचे संदेश अवयवांपर्यंत नीट पोहोचत नाहीत. दृष्टी मंदावणे, हातापायांना मुंग्या, तोल जाणे आणि विश्रांतीनेही न जाणारा थकवा ही त्याची लक्षणे होत. पुष्कळ रुग्णांत तो झटक्यांच्या रूपाने येतो व मधल्या काळात ओसरतो. तो संसर्गजन्य नाही. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार असे सुमारे २८ लाख रुग्ण जगात होते. त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून अधिक आढळते.

या जिल्ह्यांच्या दृष्टीने एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आवरण झिजलेल्या मज्जातंतूंना उष्णता सोसत नाही. शरीराचे तापमान अर्धा अंश वाढले तरी लक्षणे तात्पुरती बळावतात आणि शरीर थंड झाल्यावर ओसरतात. म्हणजे दुपारी न चालणारा पाय रात्री चालतो, यात ढोंग नसते. जागतिक मल्टिपल स्क्लेरोसिस दिन दरवर्षी ३० मे रोजी पाळला जातो. चंद्रपूर-गडचिरोलीत त्या दिवशी ऊन ऐन भरात असते.

हा आजार बहुधा वयाच्या विसाव्या ते चाळिसाव्या वर्षांच्या दरम्यान सुरू होतो. कमाईची, लग्नाची, मुलांच्या शिक्षणाची आणि कर्जफेडीचीही वर्षे हीच. पुढे आयुष्य मोठे असते, म्हणून खर्चही दीर्घ चालतो. एमआरआय तपासण्या, आजाराचा वेग मंदावणारी औषधे आणि वारंवार तज्ज्ञांची भेट, हे सारे आलेच. भामरागड किंवा सिरोंच्याहून नागपूर गाठायचे तर तीनशे किलोमीटरहून अधिक प्रवास होतो. रुग्णासोबत एक माणूस जातो, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. अशा वेळी उत्पन्न थांबले तर आधी सोने मोडले जाते, मग शेत गहाण पडते आणि शेवटी औषध बंद होते. म्हणून या आजारात नोकरी टिकणे हा औषधोपचाराचाच एक भाग समजला पाहिजे.

काम आणि आजार यांचा संबंध कसा असावा, हे शिकण्यासाठी चंद्रपूर जिल्ह्याला दूर जावे लागत नाही. वरोऱ्याजवळ आनंदवन आहे. बाबा आमटे आणि साधनाताई यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीचे कार्य सुरू केले, तेव्हा सोबत सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि गाठीशी चौदा रुपये होते, असे सांगितले जाते. ज्यांची बोटे झडली होती, त्यांच्याच हातांनी तेथे विहिरी खोदल्या गेल्या, शेती उभी राहिली, हातमाग चालू झाले. पुढे अपंग बांधवांसाठी संधिनिकेतनात व्यवसाय-शिक्षण मिळू लागले. तेथील मागावर विणलेली चादर हातात घेणाऱ्या कापड व्यापाऱ्याला विणणाऱ्याच्या बोटांची संख्या दिसत नाही, वीण तेवढी दिसते. कुष्ठरोग आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे अगदी भिन्न आजार आहेत, परंतु आनंदवनाची रीत दोहोंना लागू पडते. आधी माणसाची उरलेली शक्ती पाहावी, मग तिला साजेसे काम घडवावे.

स्वतः बाबांच्या पाठीच्या कण्याला असा विकार जडला की त्यांना बसणे अशक्य झाले. ते उभे राहत किंवा पडून असत. त्याही अवस्थेत १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने निघालेल्या भारत जोडो अभियानात ते वाहनातील बिछान्यावर पडून सहभागी झाले. त्यांनी काम थांबवले नाही, कामाची पद्धत बदलली.

कायदाही आता याच दिशेने बोलतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नोंदले आहेत आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसऱ्या पदावर नेमावे लागते. कोळसा खाणीतील, वीज केंद्रातील वा जिल्हा परिषदेच्या शाळेतील कर्मचाऱ्याने हे जाणून घ्यावे आणि घाईने राजीनामा देऊ नये. मात्र सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणाच्या गटांत या आजाराचे नाव स्वतंत्रपणे नाही, ही उणीव आहे.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची. नोकरीतून न काढण्याचे हे बंधन सरकारी आस्थापनांवर आहे. खाजगी पेढीवरील मुनीम, दुकानातील विक्रेता, राइस मिलमधील हमाल यांना ते कवच नाही. त्यांची सुरक्षितता मालकाच्या समजुतीवर अवलंबून आहे, आणि असे अनेक मालक या सभागृहात बसलेले आहेत.

मालकाने करावयाचे फार थोडे आहे. शिडीवर चढून थान काढण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे आणि या माणसाला बिले, मालाची आवक-जावक, फोनवरील मागण्या, उधारीची वसुली यांवर बसवावे. दहा वर्षे गिऱ्हाईक सांभाळलेल्या माणसाला कोणाची उधारी कधी येते हे तोंडपाठ असते. ते ज्ञान पायांत नसते. त्याची जागा कुलरजवळ असावी, उन्हाळ्यात वेळ सकाळची असावी, दुपारी तासभर आडवे होण्याची मोकळीक असावी. झटका आला तर काही आठवडे रजा द्यावी, पण जागा राखून ठेवावी. याला येणारा खर्च नवा माणूस तयार करण्याच्या खर्चाहून बहुधा कमीच भरेल.

व्यापारी कुटुंबांनी स्वतःकडेही पाहावे. भागीदार कायमचा अक्षम झाला तर १९३२ च्या भागीदारी कायद्यान्वये अन्य भागीदार पेढी विसर्जित करण्यासाठी न्यायालयात जाऊ शकतात. प्राप्तिकरासाठी भागीदाराचे वेतन वजावटीस पात्र ठरते तेही तो प्रत्यक्ष काम करीत असेल तरच. म्हणून आजारपणात भागीदाराला काय मिळेल, भांडवलावर व्याज किती, हिसाब कसा होईल, याचे कलम भागीदारी पत्रात आधीच असावे. भावाभावांतील गोडी कायम असते तेव्हाच ते लिहून होते.

गंभीर आजारांच्या विम्यात कायम लक्षणे राहिलेल्या मल्टिपल स्क्लेरोसिसचा प्रमाणित व्याख्येसह समावेश असतो, परंतु तो विमा निरोगी असतानाच घ्यावा लागतो. निदान झाल्यावर नवी पॉलिसी मिळणे अवघड होते. दिव्यांगत्व चाळीस टक्के वा अधिक असेल तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढण्यास संकोच करू नये. जुन्या करपद्धतीत त्याआधारे ७५,००० रुपयांची आणि तीव्र दिव्यांगत्वात १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. गरीब कुटुंबांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. मुंबई-पुण्यात शाखा असलेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून रुग्णांना मार्गदर्शन करीत आली आहे.

भगिनींविषयी दोन शब्द. रुग्णांत त्यांची संख्या अधिक, आणि त्यांचे काम मोजलेच जात नाही. चुलीच्या धगीपुढे सून थकली तर ती आळशी ठरते. निदान झाल्यावर कोठे ते लपविले जाते, तर कोठे तिला माहेरी धाडले जाते. तिच्या नावावर बँकेत ठेव असावी, घराच्या कागदांत तिचे नाव असावे, आणि शिवण, शिकवणी वा दुकानाचे हिशेब असे बसून करण्याजोगे काम तिच्या हाती असावे. तिची आर्थिक सुरक्षितता पतीच्या मर्जीवर राहू नये.

संस्थांचे निधी बहुधा शस्त्रक्रियेसाठी एकदाच दिले जातात. या आजाराला एकदाची मदत पुरत नाही. नागपूरच्या तपासणीचा प्रवासखर्च, दुकानात एक कुलर, संगणकावर हिशेब शिकण्याचे शुल्क, अशा लहान पण नियमित साहाय्याने एक कमावता माणूस कमावता राहतो आणि त्याला कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

येत्या लग्नसराईत एखादा नोकर भिंतीला टेकलेला दिसेल. त्याला घरी पाठविण्यापूर्वी खुर्ची द्यावी, पाणी द्यावे आणि आधी डॉक्टरांकडे न्यावे. हिशेबाची वही कोणाकडे सोपवायची, ते त्यानंतर त्याच्याशीच बोलून ठरवावे.