मोर्चा संपतो, तारीख संपत नाही

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



वृत्तपत्राच्या कामानिमित्त माझे न्यायालयात जाणे-येणे असते. तेथे एकदा व्हरांड्यातील बाकावर एक तरुण भेटला. आठ वर्षांपूर्वीच्या एका मोर्चातील तो आरोपी. त्या दिवशी घोषणा देणारे शेकडो होते. तारखेला सोबत होती ती केवळ त्याची आई. दोन तारखा चुकल्या म्हणून वॉरंट निघाले होते, पासपोर्टचा अर्ज अडला होता. "पुढारी कुठे गेले हो?" असे त्या माउलीने विचारले, तेव्हा मी निरुत्तर झालो. तोच प्रश्न आज आपल्यापुढे ठेवतो.

अटक झाली म्हणून हक्क संपत नाहीत. अटकेचे कारण कळणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला मिळणे आणि प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले जाणे, हे राज्यघटनेच्या कलम २२ चे अभिवचन आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतील व्यक्तीस मोफत वकील मिळू शकतो.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. जमावबंदीचे जुने १४४ कलम आता नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झाले. त्या आदेशाच्या भंगाची दखल न्यायालय संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरूनच घेऊ शकते. वकिलाने हा मुद्दा वेळीच मांडला नाही, तर निष्कारण वर्षे जातात. बेकायदेशीर जमावाचे कलम अधिक कठोर. समान उद्देश सिद्ध झाला, तर एकाच्या कृत्यासाठी सारेच दोषी ठरतात. म्हणूनच मोठ्या जमावाच्या प्रकरणात दोन-तीन साक्षीदारांच्या सुसंगत साक्षीची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या मसालती खटल्यात योग्य मानली.

मात्र याची दुसरी बाजूही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्याने एसटीवर दगड भिरकावला, त्याच्यावर खटला चाललाच पाहिजे. ती एसटी तुमच्या-माझ्या पैशाची आहे. त्याला गर्दीत लपवणे म्हणजे शेजारी शांतपणे चालणाऱ्या निरपराध्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे होय.

खटल्याला भिऊ नका. आणीबाणीत १४ नोव्हेंबर १९७५ पासून सत्याग्रह झाला, हजारो तुरुंगात गेले. 'मिसा'खालील स्थानबद्धांना खटलाच नव्हता, अटकेचे कारणही सांगितले जात नव्हते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दाद मागण्याचा मार्गही बंद केला. विरोधी मत नोंदवले ते एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी. ज्यांनी तो काळ भोगला, त्यांना खुल्या न्यायालयातील सुनावणीचे मोल विचारा.

"सरकार खटले मागे घेईल" या आशेवर विसंबू नका. त्यासाठी सरकारी वकिलाचा अर्ज आणि न्यायालयाची संमती, दोन्ही लागतात. तोवर तारखा चुकवल्या, तर वॉरंट निघणारच.

म्हणून मोर्चाची आखणी करतानाच वकील ठरवा. अटक झालेल्या प्रत्येकाचे नाव त्याच संध्याकाळी टिपून त्याच्या घरी निरोप द्या. आणि निकाल लागेपर्यंत प्रत्येक तारखेला एक कार्यकर्ता सोबत पाठवा. ज्याला आपण रस्त्यावर बोलावले, त्याला न्यायालयाच्या बाकावर एकटे बसू देऊ नका.