पत्रा बदलला, रेषा तीच राहिली

ऑक्टोबर १९४८. लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये महायुद्धानंतरचं ब्रिटनमधलं पहिलं मोठं मोटार प्रदर्शन भरलं होतं. कॉव्हेंट्रीच्या जग्वार कंपनीने तिथे एक उघडी, दोघांनी बसायची गाडी मांडली. श्रोत्यांनी ती डोळ्यांसमोर आणावी: लांबलचक बॉनेट, पुढच्या चाकावरून निघून दाराशी खाली उतरणारी आणि मागच्या चाकावर पुन्हा उसळी घेणारी मडगार्डची कड, आणि ते मागचं चाक जवळजवळ पूर्ण झाकून टाकणारा पत्रा. नाव एक्सके १२०. हा आकडा ताशी मैलांचा, म्हणजे किलोमीटरमध्ये सुमारे १९३. त्या काळात बाजारात मिळणाऱ्या गाडीने असा दावा करणं हे धाडसच होतं. पुढच्याच वर्षी, मे १९४९ मध्ये, बेल्जियममधल्या याबेके गावाजवळच्या सरळ रस्त्यावर पत्रकारांसमक्ष ही गाडी ताशी १३२ मैलांच्या वर पळाली आणि शंका मिटल्या.

खरं तर जग्वारचे संस्थापक विल्यम लायन्स यांनी ही गाडी मोठ्या खपासाठी काढलीच नव्हती. कंपनीचं नवं ३.४ लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन मुळात एका ऐसपैस सलून मोटारीसाठी बनवलेलं होतं आणि त्या सलूनला अजून अवकाश होता. तोवर इंजिनाचं नाव व्हावं म्हणून दोनएकशे स्पोर्ट्स गाड्या काढायच्या, एवढाच बेत. इतक्या थोड्या गाड्यांसाठी पोलादी पत्रा दाबायचे अवजड साचे करणं परवडणार नव्हतं. शिवाय युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये पोलाद मोजूनमापून मिळत होतं. म्हणून पोलादी चासीवर ॲशच्या लाकडाचा सांगाडा उभा करायचा आणि त्यावर हाताने घडवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा चढवायचा, ही जुनी रीत निवडली गेली. लायन्स यांच्या ती अंगवळणी पडलेली होती. १९२२ मध्ये ब्लॅकपूलला त्यांनी भागीदारीत धंदा सुरू केला, तो मोटरसायकलींच्या साइडकारचा, आणि त्याही लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवूनच बनत.

मागणीने तो बेत मोडला. विशेषतः अमेरिकेतून इतकी विचारणा आली, की हाताने पत्रे ठोकत बसून ती पुरी होणं अशक्य होतं. सुमारे २४० गाड्या ॲल्युमिनियमच्या झाल्या आणि १९५० च्या सुरुवातीपासून पोलादी बॉडी आली.

या बदलातली सर्वांत मोठी कामगिरी अशी, की तो लांबून ओळखू येत नाही. साचे नवे, धातू नवा, लाकडाचा बराचसा सांगाडा गेला. पण मडगार्डची ती कड तशीच उतरते आणि तशीच चढते. फरक शोधायला लोहचुंबक लागतो. पोलादी गाडीच्या मडगार्डला तो चिकटतो, दाराला मात्र चिकटत नाही. कारण दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचंच ठेवलं होतं. एवढं करूनही वजन सुमारे ५० किलोंनी वाढलं.

शर्यतीत हे ५० किलो जाणवतात. सप्टेंबर १९५० मध्ये उत्तर आयर्लंडच्या डंड्रॉड रस्त्यावर, कोसळत्या पावसात, टूरिस्ट ट्रॉफी जिंकणारा स्टर्लिंग मॉस ॲल्युमिनियमच्या एक्सके १२० मध्ये होता. दुसऱ्या दिवशी त्याचा एकविसावा वाढदिवस होता. आल्प्सच्या घाटांमधल्या रॅली गाजवणारी इयान ॲपलयार्ड यांची पांढरी गाडीही ॲल्युमिनियमचीच, आणि तिच्यात शेजारी बसून वाट सांगणारी त्यांची पत्नी पॅट ही खुद्द लायन्स यांची मुलगी. आज संग्राहक या पहिल्या गाड्यांना जास्त किंमत देतात ते समजण्यासारखं आहे.

पण म्हणून पोलादी गाडीला दुय्यम मानणं अन्यायाचं आहे. ऑगस्ट १९५२ मध्ये पॅरिसजवळच्या माँलेरी ट्रॅकवर मॉस आणि आणखी तिघांनी एक पोलादी कूपे, म्हणजे घट्ट छपराची एक्सके १२०, सात दिवस, सात रात्री आळीपाळीने चालवली. सरासरी वेग ताशी १०० मैलांहून अधिक, एकूण अंतर २७ हजार किलोमीटरच्या आसपास. हाताने घडवलेल्या गाडीबद्दल हळवं होणाऱ्यांनी हा आकडाही लक्षात ठेवावा.

कूपे आली १९५१ मध्ये, आणि इथून फरक नुसत्या धातूचा उरत नाही. मूळ उघड्या गाडीच्या दाराला बाहेरून मूठच नव्हती. पावसाचा पडदा लावलेला असेल, तर त्याच्या झडपेतून हात घालायचा आणि आतली दोरी ओढायची. डॅशबोर्डवर चामडं चढवलेलं, कारण उघड्यावर भिजणाऱ्या ठिकाणी पॉलिश केलेलं लाकूड टिकणार नाही. कूपेला घट्ट छप्पर, वरखाली होणाऱ्या काचा आणि बाहेर मुठी मिळाल्या. आत पाणी येण्याची भीती गेली, तशी डॅशबोर्डवर अक्रोडाच्या लाकडाचा पातळ तकतकीत थर आला. १९५३ च्या ड्रॉपहेड कूपेने हे लाकूड आणि या काचा ठेवल्या आणि वर अस्तर लावलेलं घडीचं छत दिलं. तिघींत रोज वापरायला हीच सर्वांत शहाणी. देखणी मात्र कूपे. तिच्या छपराची कमान मागे उतरत जाते, तेव्हा खालच्या मडगार्डची कड पूर्ण झाल्यासारखी वाटते.

चाकांचीही अशीच गोष्ट. साध्या पोलादी चाकांबरोबर मागचं चाक झाकणारा पत्रा येई. तारांची चाकं घेतली, की मध्यभागी बाहेर आलेला मोठा नट त्या पत्र्याच्या आड येई, म्हणून पत्राच काढावा लागे. अनेकांना ही केवळ शोभेची निवड वाटते. पण या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते आणि वेगात वारंवार दाबले, की ते तापून ढिले पडत. तारांमधून वारा खेळे आणि ड्रम थोडे लवकर निवत. पत्रा असलेली गाडी अधिक अखंड दिसते, हे खरं. घाट उतरायचा असेल तर तारांची चाकं बरी.

१९५४ मध्ये एक्सके १४० आली. तिचं इंजिन सुमारे साडेसात सेंटिमीटर पुढे सरकवलं होतं, त्यामुळे आत पाय पसरायला जागा झाली. बंपर जाड झाले, समोरच्या जाळीतल्या बारीक उभ्या पट्ट्या जाऊन मोजक्या रुंद पट्ट्या आल्या. बसणाऱ्याला ही गाडी नक्कीच जास्त सुखाची. पुढून पाहताना मात्र जुन्या गाडीचा तो नाजूक चेहरा तिच्यात सापडत नाही.