वेदीकडे जाण्यापूर्वी

पाप कबूल करणे म्हणजेच क्षमा मागणे, असा समज पुष्कळ भाविकांत रूढ आहे. धर्मगुरूंपुढे गुडघे टेकून अपराध उच्चारला, नेमून दिलेल्या प्रार्थना म्हटल्या, की चित्त हलके होते. परंतु ज्याचा अपराध केला, तो मनुष्य पूर्वीइतकाच दुखावलेला राहतो. प्रभू येशूची शिकवण याहून कठीण आहे. वेदीपाशी अर्पण आणताना एखाद्या बंधूच्या मनात सल आहे असे स्मरले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असा मत्तयाच्या शुभवर्तमानात आदेश आहे.

हा नियम व्यक्तीला लागू आहे, तसाच समाजालाही. १६व्या शतकात तिसवाडी, बार्देश व साष्टी या भागांत पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे लिंग भक्तांनी नदीपार डिचोलीतील नार्वे येथे नेले. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार करविला. गोव्यातील इन्क्विझिशन १५६० पासून, मधली चार वर्षे वगळता, १८१२ पर्यंत चालले. डिचोली व पेडणे हे प्रांत १८व्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेले. तोवर तेथे आश्रय घेतलेल्यांची स्मृती पिढ्यान्‌पिढ्या मुरली होती.

तेथील ख्रिस्ती मनुष्य विचारील, ‘ही पापे माझ्या हातून घडली नाहीत, मग मी क्षमा का मागावी?’ प्रश्न रास्त आहे. पित्याचा दोष पुत्रावर येत नाही. पण पित्याने केलेली जखम शेजाऱ्याच्या घरी ठसठसत असता तिच्याकडे पाठ फिरविणे, हा पुत्राचा स्वतःचा अपराध होय. १२ मार्च २००० रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पातकांबद्दल परमेश्वराची क्षमा याचिली. सत्याच्या नावाने केलेली सक्ती आणि इतरांच्या संस्कृतींची व धर्मांची अवहेलना यांचा त्यात उच्चार होता.

ती याचना परमेश्वराच्या चरणी झाली. शेजाऱ्याच्या दारापर्यंतचे अंतर ज्याचे त्याने चालावयाचे असते. जक्कयाने लुबाडलेले चौपट परत देण्याचे वचन दिले. तसे शेताची मेर सरकविली असेल तर ती मागे घ्यावी, अपशब्द बोलला असेल तर तो ज्यांच्यादेखत बोलला त्यांच्यादेखतच परत घ्यावा, शेजाऱ्याच्या देवतेची टवाळी केली असेल तर तसे त्याच्यापाशी सांगावे.

मात्र क्षमा मिळालीच पाहिजे, असा हट्ट धरू नये. मागणे हे अपराध्याचे कर्तव्य. देणे ही दुखावलेल्याची इच्छा. रिकाम्या हाती परतावे लागले तरी त्या वाटेवर अहंकार गळतो, आणि ख्रिस्ती जीवनाची वाढ तेथूनच सुरू होते.