यंत्रावरचा बाजार

बाजार म्हणजे केवळ मालाची आणि पैशाची अदलाबदल नव्हे. घेणाऱ्यास मालाची आणि देणाऱ्यास पैशाची खात्री पटावी लागते. ती पटली म्हणजेच सौदा होतो. अलीकडे हा सौदा इंटरनेटच्या द्वारें करण्याचीं साधनें हातीं आलीं आहेत आणि त्यांवर व्यापारी खर्चही करतात. तथापि वर्षाअखेर हिशेब मांडला म्हणजे पुष्कळांना असें दिसून येतें कीं, यंत्र आलें, परंतु व्यापार होता तेथेंच राहिला. असें कां व्हावें, याचें उत्तर कृष्णाकांठच्या दोन जिल्ह्यांतील व्यवहार पाहिले असतां बरेंचसें सांपडतें.

सांगलीची हळदीची पेठ जुनी व नामांकित आहे. सातारा जिल्ह्यांतही हळद पिकते आणि तेथील माल सांगलीस येतो. सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. या पेठेंत खरेदीदार हळकुंड मोडून आंतील रंग पाहतो, मोडतांना होणाऱ्या आवाजावरून वाळणीची परीक्षा करतो आणि मग भाव बोलतो. हातच्या कांकणास आरसा कशाला, हा त्याचा न्याय. शेतकरी आणि खरेदीदार यांच्या मध्यें अडत्या उभा असतो. तो पुष्कळदां शेतकऱ्यास हंगामापूर्वीं उचल देतो, विक्रीनंतर पट्टी करून देतो आणि खरेदीदारास कांहीं दिवसांची उधारीही सांभाळतो. म्हणजे अडत्या केवळ मध्यस्थ नव्हे. तो त्या पेठेची पेढीही आहे आणि जामीनही आहे.

१४ एप्रिल २०१६ रोजीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजेच 'ई-नाम', सुरू केला. मे २०२० पर्यंत देशांतील १,००० बाजार समित्या त्यास जोडल्या गेल्या. योजना मोठी सुबक आहे. माल दाराशीं आला कीं त्याची नोंद होऊन ढिगास क्रमांक मिळतो. नमुना प्रयोगशाळेंत तपासला जातो. तो निकाल पाहून दूरचे व जवळचे खरेदीदार बोली लावतात. सर्वांत वरचा भाव शेतकऱ्यास पसंत नसेल तर तो नाकारण्याची त्यास मुभा असते. पसंत असेल तर वजन होऊन पैसे त्याच्या बँकेंतील खात्यांत जमा व्हावेत. तेलंगणांतील निझामाबाद ही हळदीची दुसरी मोठी पेठ या योजनेंत आरंभींच सामील झाली. दिल्लीचा खरेदीदार घरबसल्या दोन्ही पेठांचे भाव ताडून पाहील, तर शेतकऱ्यास चार पैसे अधिक मिळतील, हा यांतील हेतु.

परंतु साखळीची एक कडी निसटली तरी सारी साखळी व्यर्थ होते. नमुन्याची तपासणीच झाली नाहीं, किंवा नांवापुरती झाली, तर दिल्लीच्या खरेदीदारास दिसतो तो केवळ ढिगाचा क्रमांक. ओलावा किती, हळकुंड किती, गड्डा किती, हें कळल्यावांचून तो बोली कशी लावणार? दुरून डोंगर साजरे दिसतील, हळद दिसत नाहीं! मग बोली लावणारे तेच उरतात, जे अंगणांत उभे राहून हळकुंड मोडूं शकतात. तेथेंच ठरलेला भाव शेवटीं मोबाईलवर चढविला जातो, आणि यंत्र म्हणजे केवळ नवी पाटी होऊन बसते.

दुसरी अडचण पैशाची. यंत्र तत्काळ भरणा मागतें. पेठेस संवय उधारीची. शेतकऱ्यानें उचल घेतलेली असेल तर त्याचा माल कोणत्या गाळ्यावर जाणार, हें आधींच ठरून जातें. उचलीची सोय बँकेनें किंवा सहकारी सोसायटीनें वेळेवर केल्यावांचून अडत्यास दोष देऊन भागणार नाहीं. तिसरी अडचण सौद्यानंतरची. माल परप्रांतीं पोंचल्यावर प्रतीविषयीं वाद निघाला तर तो कोणी मिटवावयाचा, आणि भाडें कोणाच्या अंगावर पडावयाचें, हें आधीं स्पष्ट नसेल तर शहाणा खरेदीदार दूरच्या सौद्यास हात घालीत नाहीं.

हाच प्रकार किरकोळ विक्रींतही दिसतो. साताऱ्याचे कंदी पेढे आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांस जाहिरातीची फारशी गरज नाहीं. स्ट्रॉबेरीस तर २०१० सालींच भौगोलिक मानांकन मिळालें आहे. परंतु साताऱ्यांतील एखाद्या दुकानदारानें इंटरनेटवर दुकान थाटलें आणि पेढ्याचें वजन, तो केल्याची तारीख व टिकण्याची मुदत सांगितलीच नाहीं, तर पुण्यामुंबईची गृहिणी कशावर विश्वास ठेवील? रविवारीं दुकानांतले पेढे गिऱ्हाइकांनीं संपविले आणि इंटरनेटवरची यादी मात्र 'शिल्लक आहे' असेंच सांगत राहिली, तर मागणी नोंदविणारा फसतो, आणि पुन्हां त्या वाटेस येत नाहीं. स्ट्रॉबेरीचें तर आयुष्यच अल्प. तिला डबा, थंडावा आणि वेगवान वाहन हीं तिन्ही लागतात. चित्र सुंदर असल्यानें फळ टिकत नाहीं. बहुतेक ठिकाणीं पैसा खर्च होतो तो चित्रावर. यादी रोज दुरुस्त करण्यास, पत्रांस उत्तरें देण्यास आणि परत आलेल्या मालाची तड लावण्यास मनुष्य नेमलेलाच नसतो.

यावरून उघड होतें कीं, यंत्र मागणी दुरून आणूं शकतें, पण विश्वास उत्पन्न करूं शकत नाहीं. जुन्या पेठेंत तो डोळ्यांनीं, ओळखीनें आणि अडत्याच्या शब्दानें मिळत असे. नव्या पेठेंत तो चोख तपासणीनें, खऱ्या वजनानें, वेळेवर मिळालेल्या पैशानें आणि तक्रारीच्या निवाड्यानें मिळवावा लागेल. म्हणून ज्यास नव्या साधनाचा पुरा लाभ हवा असेल, त्यानें प्रथम आपलें कोठार, आपला तराजू आणि आपली वही तपासावी. घरांतील वही चुकीची असेल, तर यंत्र तीच चूक गांवोगांवीं पोंचवील. आणि वही बरोबर असेल, तर सांगलीची हळद व साताऱ्याचा पेढा यांस गिऱ्हाईक कोठूनही चालून येईल.