आधी बसून हिशेब करू या

(वसतिगृहाच्या वार्षिक पालक व हितचिंतक मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या वर्षी मेळावा संपल्यावर एका आईने मला गाठले. म्हणाली, "ताई, पोरगी बारावी सायन्सला आहे. तिला जंगल-पाण्याचं शिकायचंय. कोणत्या कॉलेजात घालू? आमच्याकडं पैसा नाही, पण भलत्या ठिकाणी घालायची नाही." आज मी त्या एका प्रश्नावरच बोलणार आहे, कारण तो आता आपल्या पुष्कळ घरांतला प्रश्न झाला आहे.

आधी एक कबुली देते. काही वर्षांपूर्वी आपल्याच वसतिगृहातला एक मुलगा पर्यावरणाची पदवी घ्यायला शहरातल्या एका खासगी संस्थेत गेला. घरी एजंट आला होता. "प्रवेश पक्का, शिष्यवृत्ती मिळणारच," असे त्याने सांगितले. वडिलांनी बैलजोडी विकून पहिल्या वर्षाची फी भरली. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसल्यावर कळले की तो अभ्यासक्रम यादीतच नाही. दुसऱ्या वर्षाची फी भरता आली नाही. मुलगा परत आला आणि ऊसतोडीला गुजरातेत गेला. चूक एजंटची होती, तशी आमचीही होती. आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना केली, हारतुरे दिले, पण चार प्रश्न विचारले नाहीत. लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू बुरूज बांधणाऱ्या माणसाबद्दल बोलतो. आधी बसून खर्चाचा हिशेब केला नाही, तर पाया घालून काम अर्धवट राहते. त्या मुलाच्या बाबतीत तसेच झाले.

कुणी विचारील, हेच शिक्षण कशासाठी? २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या सामूहिक वनाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. आपल्याकडेही अनेक गावांच्या हातात असे हक्काचे कागद आहेत. पण कागद मिळाल्यावर ग्रामसभेने समिती नेमून जंगलाचा आराखडा करायचा असतो. किती मोह, किती चारोळी, कोणत्या उतारावर चर खणायचे, कुठे चराई थांबवायची, हे कोण लिहिणार? आज बाहेरचा माणूस लिहून देतो आणि गाव अंगठा उठवते. ते काम आपल्या मुलीने केले पाहिजे. तिला झाडाचे नाव पावरीतही ठाऊक असते.

ख्रिस्ती लोकांना हे काम नवे नाही. सॅम हिगिनबॉटम या मिशनऱ्याने १९१० मध्ये अलाहाबादला शेतीची शिक्षणसंस्था उभी केली. आपल्या महाराष्ट्रात फादर हरमन बाखर या येशूसंघीय धर्मगुरूंनी दुष्काळी गावांत पाणलोटाची चळवळ वाढवली आणि १९९३ मध्ये 'वॉटर' ही संस्था सुरू झाली. देवाने माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करायला, हे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आपण लहानपणापासून ऐकतो.

आता कॉलेज निवडण्याकडे येऊ. पालकांनो, हे पाच प्रश्न घरी भिंतीवर लावून ठेवा.

पहिला : मान्यता कुणाची? शेती आणि वनशास्त्रासाठी आपल्या राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. वनशास्त्राची चार वर्षांची पदवी दापोलीला आणि अकोल्याला मिळते. नंदुरबारहून भुसावळमार्गे रेल्वेने अकोल्याला जाता येते. कृषी पदवीसाठी धुळ्याचे शासकीय कृषी महाविद्यालय तर आणखी जवळ आहे, आणि मृद व जलसंधारणाचे पाठ त्या पदवीतही असतात. वनशास्त्राच्या जागा थोड्या आहेत, म्हणून हा दुसरा मार्ग कमी मानू नका. प्रवेश एमएचटी-सीईटीच्या गुणांवर होतो. ही परीक्षा न देता कुणी या पदवीचा प्रवेश "करून देतो" म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

दुसरा : हा अभ्यासक्रम, याच कॉलेजच्या नावाने, महाडीबीटीवर दिसतो का? अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर ती मिळते. पैसे भरण्याआधी पोर्टलवर नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एजंटच्या मोबाइलवरचा फोटो चालणार नाही.

तिसरा : चार वर्षांचा एकूण खर्च किती? आपण फी विचारून थांबतो. सरकारी कॉलेजात फी हा लहान आकडा असतो. मोठा आकडा मेसचा, खोलीचा, प्रवासाचा, प्रॅक्टिकलच्या वह्यांचा आणि सहलींचा. महिन्याचे मेसचे बिल विचारा, त्याला दहाने गुणा, मग चारने गुणा. मुलींसाठी आवारातच वसतिगृह आहे का, हे विचारा. शासकीय आदिवासी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून राहण्याजेवणाचे पैसे खात्यावर मिळू शकतात. त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो.

चौथा : शिक्षण मातीत होते की फक्त फळ्यावर? कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारतीचे रंगकाम बघू नका. रोपवाटिका कुठे आहे, माती तपासायची प्रयोगशाळा चालू आहे का, पूर्णवेळ शिक्षक किती, हे विचारा. कृषीची मुले शेवटच्या वर्षी गावात राहून काम करतात. त्यांना आपण कृषीदूत, कृषीकन्या म्हणतो. ती खरोखर गावात राहतात की सही घेऊन परत जातात, हे तिथल्या सीनियर मुलांना विचारा. ती खरे सांगतात.

पाचवा : पहिल्या वर्षी मागे पडलेल्या मुलाला कोण हात देते? आपल्या मुलांची घरची भाषा पावरी किंवा भिली, शाळेची मराठी, आणि तिथे पुस्तके इंग्रजी. हुशार मूलही पहिल्या सत्रात गप्प होते. मागच्या वर्षांत आपल्या भागातली किती मुले तिथे गेली आणि किती पदवी घेऊन बाहेर पडली, हे विचारा. ज्या कॉलेजात आपल्या पाड्यातला एखादा दादा किंवा ताई आधीपासून आहे, ते कॉलेज थोडे लांब असले तरी चालेल.

आणि या सर्वांच्या आधी जातवैधता प्रमाणपत्र. बारावीचा निकाल लागल्यावर धावाधाव करू नका. अकरावीतच अर्ज करा. आजोबांचा शाळेचा दाखला, जुना सातबारा, जे सापडेल ते पेटीतून काढा. या एका कागदापायी मिळालेली जागा हातची जाते.

आता हितचिंतकांशी दोन शब्द. तुम्ही उदारपणे देता आणि पावतीवर "फीसाठी" असे लिहिता. त्याबद्दल मनापासून आभार. पण मुले फीमुळे कमी गळतात. ती गळतात सप्टेंबर ते मार्चमध्ये. तेव्हा शिष्यवृत्ती मंजूर असते, पण खात्यावर आलेली नसते. मेसचा मालक थांबत नाही. मुलगा लाजेने घरी येतो आणि परत जात नाही. म्हणून विनंती अशी की यंदा आपले अर्पण पहिल्या वर्षाच्या मेस आणि प्रवासासाठी द्यावे. शिष्यवृत्ती जमा झाली की मुलाने जमेल तेवढे परत करावे आणि तेच पैसे पुढच्या मुलाला जावेत. हिशेब दर तिमाहीला याच पत्रिकेत छापू.

पैशाइतकीच आणखी एक मदत हवी आहे. तुमच्यापैकी कुणी अकोल्यात, धुळ्यात, दापोलीत राहत असाल, तर रविवारच्या उपासनेनंतर एका मुलाला घरी जेवायला बोलवा. सहा महिने एवढे केले, तरी तो टिकेल.

ज्या आईने मला तो प्रश्न विचारला, तिच्या मुलीने सीईटी दिली, वैधता वेळेवर मिळवली आणि तिला सरकारी कॉलेजात जागा मिळाली. पहिल्या सत्रात दोन विषय राहिले होते. ते तिने सोडवले. दिवाळीत ती घरी आली तेव्हा पाड्यावरची मुले घेऊन ओढ्याकाठची झाडे मोजत होती. वडील मागे उभे राहून नावे सांगत होते आणि ती वहीत लिहीत होती.

तो गुजरातेत गेलेला मुलगाही माझ्या मनातून जात नाही. त्याच्याशी बोलणे झाले आहे. त्याने पुन्हा परीक्षेला बसायची तयारी दाखवली आहे. या वेळी पाचही प्रश्न आम्ही त्याच्यासोबत बसून विचारणार आहोत. त्याच्यासाठी प्रार्थना करा.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.