बांदकरांच्या पदांना धारगळची ओसरी



 धारगळातलं आपलं हे संमेलन संतकवी कृष्णंभट बांदकरांच्या पदांचं. जन्म 1844, निधन 1902. विलायतेत टेनिसन गाजत होते तो हा काळ. टेनिसननी 1890 साली आपली कविता मेणाच्या नळकांड्यावर बोलून ठेवली. बांदकरांची पदं भजनी मंडळींच्या गळ्यात राहिली, आणि आज ती तिथूनच ऐकायची आहेत.

बांदकर तिसवाडीतल्या डोंगरीचे, त्यांचं धारगळाशी काय नातं, असं समितीत एकानं विचारलंच. अहो, धारगळ पेडण्यातलं, आणि पेडणे म्हणजे पदांचा महाल! 1788 पर्यंत आम्ही सावंतवाडीकरांचे, मग पोर्तुगीजांचे. पण दशावतार नि भजन कुणाच्या हुकुमानं थांबलं नाही. आणि आमचे संतकवी सोहिरोबानाथ आंबिये! घराणं पालयेचं, जन्म 1714 चा, बांद्याला. विर्नोड्याच्या सरकारी कॉलेजला त्यांचं नाव आहे. पण मला बोलायचंय त्यांच्या बहिणीबद्दल. नाथांच्या मुखातून पद निघायचं आणि ही विधवा बहीण ते उतरून घ्यायची, असं परंपरा सांगते. ती नसती तर आपण गाणार काय होतो? तिच्या नावाचा फलक पेडण्यात माझ्या तरी पाहण्यात नाही. पुढं उतारवयात नाथ ग्वाल्हेरला गेले. तिथं महादजी शिंद्यांच्या पदरी होते आपल्या केरीचे जिवबादादा. महादजींनी स्वतःची कविता दाखवली, तर नाथांनी तोंडावर नापसंती सांगितली म्हणतात. वर्गणी मागताना ही गोष्ट मी कुठंच काढली नाही.

पंखे कमी पडलेत, क्षमा असावी. काहींची उतरण्याची सोय म्हापशाला करावी लागली, कोलवाळचा पूल ओलांडून यावं लागलं, तीही क्षमा. मोप्याचं विमान डोक्यावरून गेलं तर गायकांनी जरा समेवर थांबावं. जेवणात उणंदुणं असेल तर पदरात घ्या. अजीर्ण झालंच, तर 2022 पासून आयुर्वेद संस्था गावातच आहे.

उकड्या तांदळाची पोती, नारळ, केळीची पानं लोकांनी न मागता आणून टाकली. मांडववाल्यांनी आगाऊ पैसे घेतले नाहीत. एका देणगीदारांनी नाव घेऊ नका म्हणून बजावलंय, दुसऱ्यांनी दोनदा घ्या म्हटलंय. घेतो; पण यादी खजिनदारांच्या खिशात आहे आणि खजिनदार जनरेटरपाशी आहेत.

तोवर चहा घ्या. मांडवाच्या मागं आहे. पेले तिथंच ठेवा, भाड्याचे आहेत.